विम्याची सक्ती रद्द झाली होती ना? मग न्यू जर्सी दंड कसला मागतंय?

उंटावरचा_शहाणा
मंडळी, एक शंका. ऑगस्टमध्ये नोकरी सुटली आणि तिच्यासोबत आरोग्य विमाही. कोब्राचा (नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय) हप्ता ऐकून डोळे पांढरे झाले (कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के), म्हणून वर्षअखेरपर्यंत तसाच राहिलो. आता टॅक्सवाला म्हणतो, न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये दंड लागेल. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत ही भानगड मिटली ना?

आणि तत्त्वाचंही बोलू. खाजगी कंपनीची पॉलिसी घ्यायला सरकार कसं भाग पाडू शकतं? गाडीच्या विम्याचा दाखला देऊ नका, गाडी न घ्यायची सोय आहे. शरीराचं काय करू?

अनुस्वार
ओबामाकेअरमधली (ओबामांचा २०१० चा आरोग्य विमा कायदा) सक्ती मिटली नाही, दंड शून्य झाला. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून केंद्राचा दंड ० डॉलर केला. मग न्यू जर्सीने त्याच वर्षापासून स्वतःचा लावला. वॉशिंग्टन डीसीतही तेव्हापासूनच आहे, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडमध्ये २०२० पासून. मॅसॅच्युसेट्सचा कायदा तर २००६ चा. सलग तीन महिन्यांपेक्षा कमी खंड माफ असतो, तुमचा त्याहून मोठा दिसतोय.

काउंटरवाली
मी बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलिंगला होते, म्हणून तत्त्वाच्या प्रश्नाला माझं उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने.

शहाणे, शरीर घेऊन तुम्ही इमर्जन्सीत आलात तर विमा असो-नसो, तुम्हाला तपासून स्थिर करणं हॉस्पिटलला भाग आहे. १९८६ चा कायदा आहे, रेगनच्या सहीचा. म्हणजे एका बाजूची सक्ती आधीपासून होतीच, फक्त तिच्याबद्दल कोणी ओरडत नव्हतं. बिल मात्र चुकत नाही. जो भरू शकत नाही त्याला आम्ही पत्रं पाठवत राहायचो, मग वसुलीवाल्यांकडे फाइल, आणि तरीही बुडालेलं इतरांच्या दरांत मुरायचं.

दुसरं, आधीपासून आजार असलेल्याला नाकारायचं नाही आणि त्याच्याकडून जादा हप्ताही घ्यायचा नाही, ही ओबामाकेअरमधली अट सगळ्यांना आवडते. पण तेवढीच ठेवली तर लोक तहान लागल्यावर विहीर खणणार. न्यूयॉर्कने १९९३ पासून वैयक्तिक विम्यात असाच नियम सक्तीविना चालवला. निरोगी माणसं बाहेर पडत गेली, हप्ते चढत गेले, बाजार आक्रसला.

गंमत म्हणजे सक्तीची ही कल्पना मुळात उजव्यांकडची. हेरिटेज फाउंडेशनने १९८९ मध्ये मांडली, रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नींनी मॅसॅच्युसेट्समध्ये राबवली. २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत प्रौढांवरच्या सक्तीच्या बाजूने हिलरी होत्या, विरोधात ओबामा! २०१० पर्यंत सगळ्यांनी जागा बदलल्या. त्यामुळे कोणी तत्त्व-तत्त्व म्हणायला लागलं की मी आधी साल विचारते.

फुकट_फौजदार
काकू, मुद्दा जोरदार, पण हप्ता भरणार कोण? मी फ्रीलान्सर. २०१६ मध्ये दंड ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त ते. माझा दंड वर्षाच्या हप्त्याहून बराच कमी येत होता, मी दंड भरला. वयानुसार हप्त्यात तिपटीहून जास्त फरक ठेवता येत नाही, म्हणजे तरुणाने म्हाताऱ्याचा भार उचलायचा. कर म्हणून उघड मागा की! आणि दंड भरणारे कोण होते? श्रीमंतांकडे विमा असतोच.

बाकी सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी केलेली कसरत आठवा. व्यापाराचं नियमन करायच्या केंद्राच्या अधिकाराखाली सक्ती बसत नाही, पण दंड हा कर मानला तर बसते. काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) त्याला कर म्हणायला तयार नव्हती, कोर्टाने म्हटलं. न्यायमूर्ती स्कालियांनी सुनावणीत विचारलं होतं, उद्या ब्रोकोली घ्यायला लावाल का? मला अजून तो प्रश्न वावगा वाटत नाही.

काउंटरवाली
फौजदार, दंडाबद्दल तुमचं बरोबर आहे. तो नको त्यांना बोचायचा आणि हवं त्यांना हलवायचा नाही. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. दंड शून्य केला तर २०२७ पर्यंत विमा नसलेले १ कोटी ३० लाखांनी वाढतील, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज होता. डेमोक्रॅट म्हणाले बाजार कोसळेल, रिपब्लिकन म्हणाले लोक मोकळे होतील. झालं काय? विमा नसलेले २०१० मध्ये सुमारे १६ टक्के होते, २०१६ पर्यंत ९ च्या आसपास आले, आणि दंड गेल्यावरही २०२३ मध्ये ८ च्या आसपासच होते. मला विचाराल तर बाजार धरून ठेवला हप्त्यावरच्या सरकारी अनुदानाने. २०२१ मध्ये ते वाढवलं, तशी मार्केटप्लेसवर (ओबामाकेअरचे प्लॅन घ्यायचा सरकारी बाजार) गर्दी वाढली. म्हणूनच २०२५ च्या शरदात सरकार ठप्प झालं ते वाढीव अनुदानावरून. दंडाचं नावही कुणी घेतलं नाही.

सक्ती खरंच करायची तर स्विस पद्धतीने करा. तिथे १९९६ पासून आहे, आणि तुम्ही विमा घेतला नाही तर कॅन्टन (तिथलं राज्य) परस्पर तुम्हाला एका कंपनीकडे नोंदवून टाकतं. हप्ता मागे लागतोच, ज्यांना झेपत नाही त्यांना सरकारी मदत मिळते. अमेरिकेने सक्ती अशी केली की दंड भरून सुटता यावं, आणि मग लोक सुटतात म्हणून तक्रार.

अवांतर: न्यू जर्सी दंडाचे पैसे निदान महागड्या रुग्णांच्या पुनर्विम्याकडे (त्यांच्या खर्चाचा काही भार विमा कंपन्यांवरून उचलायला) वळवते, म्हणजे हप्ते थोडे खाली राहतात. शहाणे, तुमचे पैसे अगदीच वाया जाणार नाहीत.

उंटावरचा_शहाणा
वाया नाहीत हे ऐकून फार बरं वाटलं. :) पण सूट मिळायची काही वाट?

अनुस्वार
आहे. सर्वात स्वस्त प्लॅनसुद्धा उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे जात असेल तर 'परवडत नाही' या सदराखाली अर्ज करता येतो. रिटर्न भरायच्या आधी टॅक्सवाल्याला हिशोब मांडायला लावा. आणि पुढच्या वेळी विमा सुटला की ६० दिवसांत मार्केटप्लेसवर जा. नोकरी गेलेल्या वर्षात उत्पन्न कमी धरलं जातं, अनुदान मिळून हप्ता कोब्राच्या बराच खाली येऊ शकतो.