बेंच, बिलिंग आणि आपण : आयटी सर्व्हिसेस कंपनीतले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. धाकट्या मावसबहिणीला कॅम्पसमधून एका मोठ्या आयटी सर्व्हिसेस कंपनीचं ऑफर लेटर आलंय. कॉलेजात तिला जावा शिकवलं, पण ही कंपनी पैसे कसे कमावते ते कुणी सांगितलं नाही. म्हणून हा धागा.

माझं मत आधी मांडते. अशी कंपनी मुख्यतः माणसांचे तास विकते. क्लायंट ठरलेल्या दराने बिल भरतो. त्यातूनच आपला पगार, हिंजवडीची बस, बेंचवर बसलेल्यांचा (म्हणजे पगार चालू, पण क्लायंटचं काम नाही अशांचा) खर्च आणि नफा निघतो. हे एकदा कळलं की मॅनेजरच्या पुष्कळ निर्णयांचा अर्थ लागतो. आणि आपलं बिलिंग थांबलं म्हणजे आपली लायकी संपली, असं वाटणंही थांबतं. तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको.

फ्रेशर, मूळ गाव नांदेड

मी सध्या बेंचवर आहे. वाकडला चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी हिंजवडी फेज ३ ला जायचं, स्वाइप करायचं, ऑनलाइन कोर्स संपवायचे आणि प्रोजेक्टवर माणसं नेमणाऱ्या रिसोर्स टीमच्या फोनची वाट बघायची. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चेन्नई चालेल का? नाइट शिफ्ट चालेल का?’ ट्रेनिंग जावाचं झालंय, कॉल येतात सपोर्टच्या कामाचे. घरी आई विचारते, ‘काम काय करतोस रे?’ तिला बेंच कसा समजावायचा? पगार वेळेवर येतो, तरी रविवारी रात्री पोटात गोळा येतो.

रिसोर्स मॅनेजमेंटमध्ये काम केलेली, मगरपट्टा

नांदेडच्या दादा, तुला फोन करणाऱ्यांच्या बाजूला मी बसले आहे, म्हणून सांगते. आमच्यासमोर माणूस नसतो, यादी असते : स्किल, ग्रेड, लोकेशन, बेंचवर किती दिवस. आम्ही शब्द टाकून शोधतो. प्रोफाइलमध्ये ‘स्प्रिंग बूट’ (जावाची फ्रेमवर्क) लिहिलं नसेल तर तू त्या शोधात सापडणारच नाहीस, कितीही येत असलं तरी. ते आजच भर.

दुसरं म्हणजे पिरॅमिड. खाली भरपूर ज्युनियर, वर मोजके सीनियर, तरच मार्जिन राहतं. म्हणून बारा-पंधरा वर्षांचा अतिशय चांगला माणूसही बेंचवर अडकतो : क्लायंटने मंजूर केलेल्या दरात त्याची ग्रेड बसत नाही. त्याच्या कामात काहीच खोट नसते. हे मी कितीतरी लोकांना फोनवर सांगू शकले असते, पण तशी मुभा नव्हती.

मेनफ्रेमवाला, ऐरोली

जरा वेगळा सूर लावतो. मला या नोकरीने घडवलं. क्लायंट हार्टफर्डची विमा कंपनी, काम मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या केंद्रीय कॉम्प्युटरवर, कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. रात्रीची बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणारे प्रोग्रॅम (जॉब), सकाळी त्यांची ऑफिसं उघडायच्या आत संपलीच पाहिजे. मध्येच जॉब बंद पडला की आमचा फोन वाजणार. बहुतेकदा ‘सॉक-सेव्हन’ ही एरर, म्हणजे आकड्याच्या जागी भलताच डेटा. कुठल्या पॉलिसीच्या रेकॉर्डने घोटाळा केला ते शोधायचं, दुरुस्त करायचं, जॉब पुन्हा सोडायचा. त्या शोधाशोधीत प्रीमियम, क्लेम, रीइन्शुरन्स सगळं शिकलो. आता बिझनेसचे प्रश्न क्लायंटची माणसं मला विचारतात. टेक्नॉलॉजी जुनी मिळाली म्हणून नव्या मुलांनी रडू नये. ज्या धंद्यासाठी कोड लिहिताय तो धंदा शिका. ती विद्या पुढच्या कंपनीतही बरोबर येते.

टेस्टर, दोन मुलांची आई, खराडी

बाळंतपणाची रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळते. ती मला विनातक्रार मिळाली. खरी गोष्ट परतल्यावर सुरू झाली. माझ्या जागी दुसरी व्यक्ती बिलिंगवर आलेली, मी थेट बेंचवर. वर्षअखेरीला बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना कमी रेटिंग द्यायच्या पद्धतीत, कुणाला तरी खाली ढकलायचं होतं, आणि ‘वर्षभर प्रोजेक्टवर नव्हती’ हे कारण आयतंच सापडलं. मला आजही राग येतो. मी लेखी आक्षेप घेतला, रजेआधीच्या महिन्यांचं काम आणि क्लायंटच्या मेल जोडल्या. रेटिंग बदललं. मैत्रिणींनो, कौतुकाची प्रत्येक मेल अप्रेझलसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे, ती हक्काने मागा.

एडिसन, न्यू जर्सी

ऑनसाइटचं, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम करण्याचं, आकर्षण मलाही होतं. पैसा मिळाला, मुलांची शाळा चांगली. पण एच-वन-बी हा अमेरिकेचा कामाचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी कंपनी किंवा दुसरा मार्ग शोधायचा, नाहीतर सामान आवरायचं. व्हिसा साधारण सहा वर्षांचा, ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेली असेल तरच वाढतो, आणि भारतीयांची रांग तर फारच लांब. त्यामुळे माणूस पगारवाढ मागताना कचरतो, रविवारीही लॅपटॉप उघडतो. इथे येणाऱ्यांनी काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय गाडीचं कर्ज काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

नाव नको, पुणे

मला एका दुपारी मीटिंगला बोलावलं. एचआर म्हणाले, ‘स्वतःहून राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.’ लॅपटॉप तिथेच, सही तिथेच. मी म्हटलं, कारण मेलवर द्या, मी घरी विचार करून सांगतो. त्यांनी दोनदा धमकावलं, मी उठून आलो. राजीनामा दिला की कागदावर तो आपलाच निर्णय ठरतो, हे लक्षात ठेवा. पुढे नोटीस पीरियडचा पगार आणि ग्रॅच्युइटी दोन्ही मिळालं. पुण्यात ‘नाइट्स’सारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जायला लाजू नका. बायको त्या दिवशी म्हणाली, ‘सही केली नाहीस ना? मग जेवायला बस.’

फ्रेशर, नांदेड

ताई, प्रोफाइल भरलं. स्प्रिंग बूटसाठी आज एका प्रोजेक्टचा कॉल आला, परवा क्लायंट राउंड (क्लायंटची मुलाखत) आहे. काय विचारतात?

रिसोर्स मॅनेजमेंटवाली

स्वतः केलेलं काम विचारतात. ट्रेनिंगमधलाच प्रोजेक्ट नीट सांग : कुठे अडलास, कसं सोडवलंस. येत नसेल ते ‘येत नाही’ म्हण. आणि शिफ्टची वेळ, लोकेशन किती महिन्यांसाठी, हे आधी मेलवर मागून घे.