दोन गल्ल्यांच्या बायकांचा शांतता गट आहे, पैसे कसे उभे करायचे? बिल्डरचे घ्यावेत का?

सई_सांगलीकडची

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचं तालुक्याचं गाव आहे, नाव मुद्दाम टाकत नाही. मागच्या वर्षी मिरवणुकीत दगडफेक झाली, दोन्हीकडची पोरं आत गेली, त्यातली काही अजून तारखांना जातायत. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी मिळून एक गट केला. काम साधं आहे. मोबाईलवर काही भडक मेसेज फिरायला लागला की इकडून एक आणि तिकडून एक अशा दोघी एकमेकींना फोन करून खरं काय ते विचारतात, आणि मग आपापल्या गल्लीत घरोघर जाऊन सांगतात. मिरवणुकीच्या दिवशी कोपऱ्यावर दोन्हीकडच्या बायका एकत्र उभ्या राहतात. एवढंच, पण या वर्षी काहीही झालं नाही.

आता पुढे मे महिन्यात दोन्हीकडच्या मुलांचं शिबिर घ्यायचंय. हॉलचं भाडं, माईक, जेवण, पत्रकं, दोन शिक्षकांचं मानधन, सगळं धरून 60-70 हजार तरी लागतील. एक बिल्डर म्हणतायत सगळा खर्च मी करतो, फक्त बॅनरवर फोटो आणि उद्घाटन माझ्या हातून. निवडणूक तोंडावर आहे हेही सांगते. आमच्यात दोन तट पडलेत. काहीजणी म्हणतात काम होतंय ना मग घ्या, काहीजणींना ते अजिबात पटत नाही. जगात ज्या बायकांनी शांततेसाठी कामं केली त्यांनी पैसे कुठून आणले? कुणी वाचलं असेल तर सांगा, रविवारी बैठक आहे.

जुनी_वाचक

सई, तुमचं वाचून मला 1915 ची हेगची महिला परिषद आठवली, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास तयारच आहे तिथे. पहिलं महायुद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमला डच, ब्रिटिश, जर्मन आणि बेल्जियन बायका एकत्र बसल्या आणि ठरवलं की युद्धात नसलेल्या हॉलंडमध्ये परिषद घ्यायची. खर्च कोणी करायचा? तर डच, ब्रिटिश आणि जर्मन बायकांनी एक-एक तृतीयांश रक्कम उभी करायची हमी घेतली. बघा ना, ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकात एकमेकांना मारतायत आणि त्याच दोन देशांच्या बायका एकाच कामाचा खर्च वाटून घेतायत. मला त्या अख्ख्या परिषदेतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, ठरावांपेक्षाही मोठी.

परिषद 28 एप्रिल ते 1 मे झाली, अध्यक्ष होत्या शिकागोच्या जेन ॲडम्स, डच बाजूने पुढाकार डॉक्टर ॲलेट्टा जेकब्सचा. हजाराच्या वर बायका आल्या. ब्रिटनमधून ज्यांना यायचं होतं त्यातल्या बहुतेकींना पोचताच आलं नाही कारण सरकारने जहाज वाहतूकच थांबवली. अमेरिकेहून निघालेल्या बायकांचं जहाज ब्रिटिशांनी इंग्लिश खाडीत अडवून ठेवलं होतं. यातूनच पुढे विल्फ ही महिलांची आंतरराष्ट्रीय शांतता संघटना उभी राहिली, ती आजही आहे. ॲडम्सना 1931 चं नोबेल मिळालं (निम्मं, दुसरा वाटा दुसऱ्या एकांना होता) तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचे पैसे संघटनेलाच दिले.

म्हणून माझं म्हणणं, बिल्डर घ्या की नका घेऊ हा पुढचा प्रश्न, आधी दोन्ही गल्ल्यांनी निम्मी निम्मी वर्गणी काढायचं ठरवा. पलीकडच्या मोहल्ल्यातली बाई शंभर रुपये देते आणि तुमच्या गल्लीतली शंभर देते, तेव्हा शिबिर दोघींचं होतं. नाहीतर ते एकाचं आणि बाकीचे पाहुणे.

निखिल_ठाणे

मी जरा उलट बाजूने बोलतो, मोठा देणगीदार म्हणजे वाईटच असं नाही. बर्था फॉन सुटनर घ्या. ऑस्ट्रियातल्या सरदार घराण्यातली बाई, 1889 साली युद्धाविरुद्ध कादंबरी लिहून युरोपभर गाजली, 1891 मध्ये ऑस्ट्रियात शांतता संस्था काढली. पैशाची कायम चणचण. तिची आल्फ्रेड नोबेलशी जुनी ओळख, थोडे दिवस पॅरिसला त्याची सेक्रेटरी होती. तिने मदत मागितली तेव्हा त्याने 80 पौंड पाठवले पण सोबत लिहिलं की मला वाटतं तुमच्याकडे पैशाची नाही, कार्यक्रमाची उणीव आहे, नुसत्या सदिच्छेने शांतता येत नाही. डायनामाइट विकणारा माणूस शांततावाल्या बाईला हे सांगतोय. आणि ती रुसली नाही, त्याला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिली, कुठे काय चाललंय ते कळवत राहिली. 1895 च्या मृत्युपत्रात त्याने शांततेचं पारितोषिक ठेवलं त्यामागे या पत्रव्यवहाराचा मोठा हात मानतात. 1905 साली ते तिलाच मिळालं.

तर मुद्दा हा की नोबेलने आपला फोटो लावा अशी अट घातली नव्हती. अट काय आहे त्यावर सगळं ठरतं. बिल्डरला विचारा, बॅनर नको, उद्घाटन दोन्हीकडच्या दोन आज्या करतील, पत्रकाच्या शेवटी देणगीदारांच्या यादीत बाकीच्यांसारखं तुमचं नाव येईल, चालेल का? चालतंय म्हणाला तर थोडे घ्या. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच तुम्हाला.

जुनी_वाचक

निखिल, हे पटलं, पण एकाच माणसावर सगळं टाकलं की काय होतं तेही त्याच काळातलं सांगते. रोझिका श्विमर म्हणून हंगेरियन कार्यकर्ती होती, ती 1915 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतला मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्डला भेटली आणि तटस्थ देशांनी मध्यस्थी करावी ही कल्पना त्याला पटवली. फोर्डने अख्खं जहाजच भाड्याने घेतलं, ऑस्कर दुसरा नावाचं, 4 डिसेंबरला न्यूयॉर्कजवळून निघालं. वर्तमानपत्रांनी सगळं लक्ष फोर्डवर ठेवलं, टिंगलही त्याचीच केली आणि त्यात मूळ कामाचं हसं झालं. नॉर्वेला पोचेपर्यंत फोर्ड आजारी पडला, आणि नाताळच्या सुमारास सगळ्यांना तिथेच सोडून परत गेला. स्टॉकहोमला मध्यस्थीची परिषद त्याच्या पैशावर चालली खरी, पण 1917 च्या सुरुवातीला त्याने पैसे थांबवले आणि ते काम तिथेच संपलं. बायकांनी वर्षभर राबून जे उभं केलं ते एका माणसाच्या मनावर होतं. तुमचे बिल्डर निवडणुकीनंतर कुठे असतील याचा विचार करा.

फातिमा_आपा

सई बेटा, माझ्या भागातसुद्धा असंच काम चालतं म्हणून लिहिते. मुंबईत 92-93 नंतर मोहल्ला कमिट्या झाल्या, त्यात सुशोभा बर्वेंसारख्या बायकांनी वस्त्यांमध्ये बसून बसून माणसं जोडली. त्याच्याही आधी भिवंडीला पोलीस अधिकारी सुरेश खोपडेंनी 1988 मध्ये मोहल्ला कमिट्या केल्या होत्या आणि 92 ला भिवंडी शांत राहिली. यातलं रोजचं काम पैशावर चालत नाही, चहा आणि सतरंजीवर चालतं. तुमच्या 60-70 हजारातलं अर्धं वस्तूंनी निघेल. जेवण दोन्हीकडच्या घरांतून आणा, एक दिवस इकडची पोळीभाजी, एक दिवस तिकडची खिचडी, पोरं एकमेकांच्या घरचं खातील ते वेगळंच. हॉलऐवजी शाळेचा वर्ग मागा, उन्हाळ्यात रिकामाच असतो.

आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या बायकांचंही बघा, तिथे यादवी युद्ध चालू होतं. 2003 साली लेमा बोवी या कार्यकर्तीच्या बरोबर ख्रिश्चन आणि मुसलमान बायका पांढरे टीशर्ट घालून, डोक्याला पांढरं बांधून मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात रोज बसायच्या. राष्ट्राध्यक्ष टेलरच्या गाड्या त्याच रस्त्याने जायच्या. दागिने नाही, मेकअप नाही, म्हणजे कोण गरीब कोण श्रीमंत ते दिसायचंच नाही. पुढे बोलणी घानात गेली तेव्हा सगळ्यांना तिकडे नेणं शक्य नव्हतं, मग थोड्या बायका गेल्या आणि तिथल्या निर्वासित छावणीतल्या लायबेरियन बायकांना सोबत घेतलं. जुलैत त्यांनी दारात बसून वाटाघाटी करणाऱ्यांना बाहेर पडू दिलं नाही. 18 ऑगस्टला करार झाला. जिथे जायचं तिथली आपली माणसं आधी शोधायची, हे मला त्यातलं सगळ्यात उपयोगाचं वाटतं.

हिशेबनीस

सगळं छान चाललंय पण कोणी हिशेबाचं बोलत नाही म्हणून मी बोलतो. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं उदाहरण घ्या. 10 ऑगस्ट 1976 ला आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या एका चालकाला ब्रिटिश सैनिकांनी गोळी घातली, त्याची गाडी फुटपाथवर चढली आणि ॲन मग्वायर या आईची तीन मुलं गेली. ते डोळ्यांनी पाहिलेली बेटी विल्यम्स, मुलांची मावशी मैरेड कॉरिगन आणि पत्रकार किअरन मॅकिओन यांनी चळवळ उभी केली, कॅथलिक प्रोटेस्टंट बायका हजारोंनी एकत्र चालल्या. त्या वर्षी नॉर्वेच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना लोकांचं शांतता पारितोषिक दिलं, नंतर 1976 चं नोबेलही दोघींना मिळालं. नोबेलचे पैसे मात्र दोघींनी स्वतःकडे ठेवले आणि त्यावरून प्रचंड टीका झाली, आतही धुसफूस झाली. चळवळ ओसरायला इतर कारणं होती, पण ज्या बायका पावसात चालल्या त्यांना पैशाचं आधीच सांगितलेलं असतं तर निदान ही एक जखम टळली असती असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता आपल्याकडचं. तुमची नोंदणी नसेल तर वर्गणी सुरू करायच्या आधी धर्मादाय कार्यालयात कलम 41 क च्या परवानगीचं विचारा, गणेश मंडळं काढतात तीच. पुढे काम वाढवायचं असेल तर सात जणींची सोसायटी नोंदवा. पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा गुगल पे वर घेऊ नका, कितीही विश्वासाची बाई असली तरी, उद्या तिच्यावरच बालंट येईल. नोंदणीनंतर खातं दोन सह्यांचं, एक सही इकडची एक तिकडची. छापील पावती पुस्तक, नंबरसकट. आणि परदेशातून कोणी पाठवतो म्हणालं तर थांबा. भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

सई_सांगलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला आहे आणि त्याने आधीच विचारलं होतं, तो तिकडचा नागरिक झालाय, बरं झालं कळलं. निम्म्या निम्म्या वर्गणीचं पलीकडच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली आमची निम्मी आम्ही आणू, पण यादी दोन्हीकडे लावायची, मशिदीच्या बाहेरही आणि मारुतीच्या पारावरही. शाळेला उद्या अर्ज देतोय. बिल्डरशी कसं बोलायचं ते मात्र अजून अवघड जातंय, आमच्यातल्या दोघींचे नवरे त्यांच्याकडेच कामाला आहेत.

फातिमा_आपा

मग त्या दोघींना पाठवू नका, आणि त्यांच्या समोर विषयही काढू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. वयाने मोठ्या अशा दोघी जा, एक इकडची एक तिकडची. सांगा की साहेब, वर्गणी ठरलीय, घरटी जास्तीत जास्त एवढी, कोणाकडूनच त्याच्यावर घेणार नाही, तुमचीही तेवढीच पावती फाडतो. सगळ्यांना एकच नियम असला की त्यांचाही अपमान होत नाही. पावती पुस्तक बरोबर घेऊन जा आणि तिथेच फाडून द्या.