नोटिशीच्या तीस दिवसांना घाबरून लग्नाशिवाय राहावं का?

मनवा_इंदूर:
मी २५ वर्षांची, तो २६. तो ख्रिश्चन, आणि आम्हाला दोघांनाही धर्म बदलायचा नाही. म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४ हा रस्ता निवडलाय. अडलंय नोटिशीपाशी. कचेरीतल्या बोर्डावर तीस दिवस कागद लागणार: नाव, वय, व्यवसाय, पत्ता. आमचे एक काका तिथेच नोकरीला आहेत. संध्याकाळपर्यंत रामबागेत सगळ्यांना कळेल. म्हणून विजयनगरला खोली घेऊन तसंच राहावं असं चाललंय. खरं तर आम्हाला लग्नच करायचंय! माझ्या मैत्रिणीने जातीबाहेर केलं, दोघं हिंदू. सप्तपदी झाली, मग नोंदणी. तिचं नाव कुणी महिनाभर आधी टांगलं नाही. आम्हालाच ही शिक्षा का? आणि नुसतं राहिलं तर मला कायद्याचा आधार किती?

विनायक_ग्वाल्हेर:
वकिली करतो म्हणून लिहितोय. सज्ञान जोडप्याने एकत्र राहणं गुन्हा नाही. २०१८च्या नंदकुमार खटल्यात मुलगा २१चा नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने दोघांचा एकत्र राहण्याचा हक्क मान्य केला. घरगुती हिंसाचाराचा २००५चा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो. पण तू त्याची वारस ठरत नाहीस, हे विसरू नकोस.
नोटिशीवर आक्षेप कुणीही घेऊ शकतो, पण तो टिकायला कारण कायद्यातलंच लागतं: आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक असमर्थता, कमी वय, लग्नाला निषिद्ध असं जवळचं नातं. 'आम्हाला पसंत नाही' म्हणून लग्न अडवता येत नाही. धर्मांतर नाही, तेव्हा मध्य प्रदेशच्या २०२१च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यातली साठ दिवस आधी कळवायची अटही तुम्हाला नाही. त्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर मात्र नोटिशीची प्रत तिकडेही लागते. ते आधी बघा.

सुधाकाकू:
अगं, माझा भाचा असाच राहिला पुण्यात, याच भीतीने. तिचं अपेंडिक्स फुटलं, रात्री दोनला दवाखान्यात फॉर्मवर 'नातं' लिहायचं होतं. त्याचं पेन तिथेच थांबलं. शेवटी सही करायला तिचा भाऊ नाशिकहून आला. महिनाभर बोलणी खावी लागतील, पण नोटीस लाव. साक्षीदार तीन लागतात ना? मी येते.

मनवा_इंदूर:
काकू, खरंच या. त्याचं घर झाबुआला आहे, म्हणजे कागद तिथेही लागणार. आज त्याच्या आईशी बोलतो, मग अर्ज.