मदत हवी आहे: एअर पिस्तुलाचं तंत्र सुधारायला पुण्यात वर्ग कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहते, वय ४३, नोकरी बँकेत. १० मीटर एअर पिस्तूल खेळते. घराजवळच्या एका छोट्या रेंजवर शिकले. उजव्या हाताने मारते, उजवाच डोळा प्रबळ आहे. ६० शॉट्सच्या मॅचला गुण ५२० च्या पुढेमागे येतात आणि तिथेच अडकलेत. पहिल्या चार सिरीज (दहा-दहा शॉट्सच्या) ८८-८९ च्या होतात, शेवटच्या दोनांत ८४ वर घसरते. वाईट शॉट नेहमी एकाच बाजूला जातो: खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात तिथे.

सध्याच्या रेंजवर सर येतात, टार्गेट बघतात, "लक्ष दे, घाई करू नकोस" म्हणतात आणि पुढच्या लेनला जातात. माणूस भला आहे, पण संध्याकाळी दहा-बारा मुलं असतात, त्यांच्या जिल्हा-राज्य स्पर्धा तोंडावर असतात. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने याच प्रकारात कांस्य जिंकलं आणि आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफल थ्री पोझिशनमध्ये. तेव्हापासून रेंजवर मुलांची रीघ आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. फक्त माझ्यासारख्या मोठ्या वयाच्या खेळाडूकडे बघायला कुणाला वेळ उरत नाही.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. एक मोठी अकादमी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, स्कॅट मशीन (नेम धरताना पिस्तूल कसं हलतं ते पडद्यावर दाखवणारं), सगळं आहे, फी माझ्या हिशेबाने बरीच आहे आणि जायला-यायला दोन तास. दुसरा पर्याय लष्करातून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकांचा. कागदी टार्गेट, चार लेन, पण एका वेळी तीनच माणसं घेतात. तिसरा म्हणजे दोन दिवसांचं निवासी शिबिर, ज्यात "पिस्तूल तंत्र, स्वसंरक्षण, आत्मविश्वास" असं सगळंच लिहिलंय.

फी भरण्याआधी वर्गात काय बघावं, कोणते प्रश्न विचारावेत? मला हौस म्हणून नाही, खरंच चांगलं खेळायचंय. राज्य स्पर्धेत एकदा मनासारखी मॅच व्हावी एवढी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: कोल्हापूरकर

ताई, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी नेमबाज राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्या गावचा. इथे नेमबाजीवर बोलायला लागलं की रात्र पुरत नाही.

आधी तिसरा पर्याय बाजूला ठेवा. स्वसंरक्षणाचं पिस्तूल दोन हातांनी धरतात, गुडघे किंचित वाकवतात, शरीर पुढे झुकवतात. आपल्याकडे एक हात, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात, पाय स्थिर आणि दहा मीटरवर ११.५ मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ. दोन्हींतलं स्नायूंचं काम वेगळं. दोन दिवसांत उत्साह येईल, सात वाजताचा शॉट तसाच राहील.

आता तुमचा शॉट. उजव्या हाताच्या खेळाडूचा शॉट खाली डावीकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा बोट एकटं चालत नाही, ट्रिगर दाबताना अख्खी मूठ आवळली जाते किंवा शॉट सुटणार हे कळून मनगट खाली पडतं. यावर साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) फिरवून उपाय करणारा प्रशिक्षक भेटला तर नमस्कार करून निघा. चांगले शॉट मध्यावर बसतायत म्हणजे साइट बरोबर आहे.

एक हिशेब डोक्यात ठेवा, मला तो कळला तेव्हा सगळा खेळच निराळा दिसू लागला. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३० मिमी धरा. हात अगदी मध्यावर आहे, पण पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिमी सरकली. दहा मीटरवर तो शॉट सुमारे ३० मिमी बाजूला जातो. रिंगा ८ मिमीच्या अंतराने आहेत, म्हणजे दहाच्या जागी सात. उलट साइट्स सरळ आहेत आणि अख्खा हातच ५ मिमी सरकला, तर शॉट ५ मिमीच सरकतो आणि दहा ते दहाच राहतात. म्हणून हात डोलतोय याची भीती सोडायची आणि नजर पुढच्या साइटवर ठेवायची. काळा गोल धूसर दिसला पाहिजे. ज्या वर्गात "काळ्याकडे बघ" सांगतात तिथे जाऊ नका.

दुसऱ्या पर्यायाकडे एक दिवस नुसतं बसायला जा. प्रशिक्षक उभा कुठे राहतो ते बघा. तो खेळाडूच्या बाजूला उभा राहून बोट, मनगट, खांदा आणि चेहरा बघत असेल, शॉट सुटल्यावर टार्गेटकडे न वळता "पिस्तूल कुठे थांबलं होतं?" असं विचारत असेल, तर डोळे मिटून फी भरा.

प्रतिसाद: डोंबिवलीची आई

माझी मुलगी ज्युनिअर गटात खेळते, म्हणून पालक म्हणून सांगते. फी विचारताना "महिन्याला किती" एवढंच विचारू नका. त्यात पेलेट (छर्रे) धरलेत का, क्लबचं पिस्तूल वापरायचं भाडं वेगळं का, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक आठवड्यातून किती वेळ प्रत्यक्ष तुमच्याजवळ असणार, हे विचारा. आम्ही एके ठिकाणी वर्षभर लेनचे पैसे भरले, शिकवणं जवळपास शून्य.

क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप (मूठ) तुमच्या हाताला बसते का? बायकांचे हात लहान, आणि क्लबमध्ये बहुधा मध्यम किंवा मोठी ग्रिप असते. लेकीचं असंच होतं. डोळे मिटून हात उचलायचा, लक्ष्यावर आणायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साइट दर वेळी मागच्या खाचेत एकाच बाजूला दिसली तर ग्रिप चुकीची आहे; साइट सरळ पण लक्ष्याच्या बाजूला दिसली तर उभं राहणं चुकतंय. तिला लहान ग्रिप मिळाली, सरांनी कानसने थोडी घासली, पुट्टी लावली आणि महिनाभरात ग्रुप आवळला, म्हणजे शॉट एकमेकांजवळ पडू लागले. आधी हे तपासा, मग तंत्राला दोष द्या.

प्रतिसाद: ह्यूस्टनवासी

मी टेक्सासमध्ये असतो, इथले हँडगनचे वर्ग केलेत. कोल्हापूरकरांशी सहमत, ते तुमच्या खेळाला जुळणार नाहीत. तरी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. प्रशिक्षक मॅगझीनमध्ये खऱ्या गोळ्यांत एखादी नकली मिसळतो, कुठली कधी येईल हे नेमबाजाला ठाऊक नसतं. नकली गोळीवर ट्रिगर दाबला की आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी खाली पडताना स्वतःच्या डोळ्यांना दिसते. एअर पिस्तुलात हेच करता येईल: पेलेट भरायचा की पिस्तूल ड्राय फायरवर (हवा न सुटता नुसता ट्रिगर चालेल असं) ठेवायचं हे प्रशिक्षकाने ठरवायचं आणि पिस्तूल तुमच्या हातात द्यायचं. हा सराव घेता का, असं विचारून बघा. अर्थात दर वेळी पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून, नळी लक्ष्याकडे ठेवूनच. सुरक्षेबाबत जो वर्ग ढिला आहे तो फुकट असला तरी नको. लेनवरून मागे वळताना नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) आहे का, पुढे कुणी असताना सगळी पिस्तुलं खाली ठेवतात का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरकर दादा, तो १ मिमीचा हिशेब कागदावर करून बघितला आणि खूप वेळ त्याच्याकडेच बघत बसले. आजवर हात हलू नये म्हणून डंबेल उचलण्यात माझा बराच वेळ गेलाय. डोंबिवलीच्या ताई, डोळे मिटून बघितलं: दर वेळी पुढची साइट डावीकडे. म्हणजे ग्रिपचाही वाटा आहे.

शिबिर रद्द. शनिवारी लष्करातल्या सरांच्या रेंजवर नुसती बघायला जातेय. फोनवर ते म्हणाले की पहिले पंधरा दिवस पेलेट देणार नाही, कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरच करायचं. टार्गेटच नसेल तर नजर पुढच्या साइटवरच राहते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पण शेवटच्या दोन सिरीज का घसरतात यावर ते म्हणाले, "दम कमी पडतो." ते खरंच दमाचं आहे का? मॅचच्या १ तास १५ मिनिटांपैकी माझी वीसेक मिनिटं तर उरतातच.

प्रतिसाद: कोल्हापूरकर

वीस मिनिटं उरतात इथेच उत्तर आहे, ताई. दमलेला हात खाली ठेवायला वेळ असूनही तुम्ही ठेवत नाही. पिस्तूल स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर तो सोडून द्यायचा, हात टेबलावर, दोन श्वास, पुन्हा उचलायचं. दहा सेकंदांच्या पुढे डोळा चित्र धरून ठेवत नाही आणि मग बोट घाई करतं, शॉट सात वाजतात तिथे जातो. सरांना शनिवारी विचारा: "शॉट रद्द करायचा सराव घेता का?" उत्तरात ते किती वेळ बोलतात ते ऐका.

प्रतिसाद: धागाकर्ती

विचारते. आणि पुण्यात ग्रिप घासून देणारं, हाताचं माप घेणारं कुणी विश्वासाचं माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. पिस्तूल क्लबचं आहे, त्यामुळे परवानगी काढूनच करावं लागेल. कुणी क्लबच्या पिस्तुलावर स्वतःची वेगळी ग्रिप बसवून खेळलंय का?