शब्दचर्चा : टोपीच्या विणकामातले शब्द (हात, सुई, फेरी, टाळू आणि इतर)

जळगावकर
आमच्या भागात हाताने विणलेल्या टोप्या विकणाऱ्या काही जणी आता टोपीबरोबर विणीचा लेखी नमुनाही देतात. टोपी उत्तम असते, पण नमुना वाचताना घेणारी अडखळते. इंग्रजी नमुन्यांतले 'गेज', 'रिब', 'ब्रिम', 'क्राउन', 'डिक्रीज' हे शब्द देवनागरीत तसेच लिहिलेले असतात, आणि ज्या बाईने आईकडून सुया हातात घेतल्या तिला ते कधी लागलेलेच नसतात. यांना आपल्याकडे बोलण्यात काय म्हणतात? नवे शब्द घडवायचे नाहीत, चालू असलेले हवेत. 'बीनी' या टोपीलाही काही सुचतं का पाहा.

अमळनेरकर
'गेज' म्हणजे ठराविक लांबीत किती टाके बसतात ते माप. त्याला शब्द आहे आणि तो रोज वापरात आहे : हात. "तिचा हात सैल आहे", "माझा हात घट्ट पडतो" असं आपण म्हणतोच. नमुन्यात सरळ लिहावं : "हात : ८ नंबरच्या सुईवर १० सेंमीत २२ टाके, २८ सुया." ('सुया' म्हणजे इथे विणीच्या ओळी.)

हे वाक्य पहिल्याच ओळीत हवं, कारण टोपीचं सगळं गणित त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५६ सेंमी धरला तर टोपी साधारण ५ सेंमी कमी, म्हणजे ५१ सेंमीची विणायची, म्हणजे ती ताणून बसते. १० सेंमीत २२ टाके बसत असतील तर ११२ टाके लागतात. हात सैल असला आणि १० सेंमीत १८ च बसले, तर त्याच ११२ टाक्यांची टोपी ६२ सेंमीची होते आणि डोळ्यांवर येते. त्यात वीण चुकलेली नसते, फक्त हात मोजायचा राहिलेला असतो.

मोजण्यासाठी ३० टाके घालून ३६ सुयांचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा आणि मग मधल्या १० सेंमीतले टाके मोजावेत. कडेचे मोजू नयेत, सुलट विणीच्या कडा वळतात. टाके जास्त आले तर एक जाड सुई घ्यावी, कमी आले तर एक बारीक.

भुसावळकर
ताई, 'हात' पटला. पण "८ नंबरची सुई" एवढं लिहून भागणार नाही. आपल्या दुकानांत चालतो तो जुना इंग्लंडचा नंबर, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेचा नंबर उलटा चालतो, तिथली ८ नंबर ५ मिमीची. नेटवरचा अमेरिकन नमुना पाहून मराठीत उतरवताना नंबर तसाच ठेवला की पूर्ण टोपी बिघडते. कायम मिमी लिहा, नंबर लिहायचाच तर त्याच्या मागून.

साक्रीकर
'सुई' या शब्दाबद्दल. आपण अवजाराला सुई म्हणतो आणि ओळीलाही : "पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट." दोन सुयांवर सपाट विणताना यात काही अडत नाही, कारण एक सुई रिकामी झाली म्हणजे एक ओळ झाली. गोल सुईवर, म्हणजे मधे तारेने जोडलेल्या सुईवर गोल फिरत विणताना, मात्र घोटाळा होतो. तिथे कापड उलटवायचं नसतं, कायम सुलट बाजू समोर असते. "दुसरी सुई उलट" हे गोल सुईवर जशास तसं केलं तर आडव्या वरंब्यांची वीण तयार होते, गुळगुळीत होत नाही. बाई म्हणते नमुना चुकीचा, नमुना देणारी म्हणते मी बरोबर लिहिलं, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून माझं म्हणणं : सपाट विणीला 'सुई' ठेवा, गोल विणीला 'फेरी' लिहा. "सर्व फेऱ्या सुलट" असं वाचलं की हात आपोआप योग्य तेच करतो. फेरीची सुरुवात दाखवायला वेगळ्या रंगाचा दोरा सुईत अडकवतात, त्याला 'खूण' म्हणतात, तो शब्दही राहू द्या.

जळगावकर
भाऊ, हे फार कामाचं आहे. 'सुलट' आणि 'उलट'चंही असंच आहे ना? टाकाही सुलट, कापडाची बाजूही सुलट.

साक्रीकर
हो. बाजूला 'समोरची' आणि 'मागची' म्हणा. सुलट-उलट हे शब्द टाक्यापुरतेच ठेवा.

अमळनेरकर
'रिब'ला, म्हणजे ताणणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या विणीला, वेगळा शब्द नको. "दोन सुलट दोन उलट" म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि त्या भागाला, म्हणजे 'ब्रिम'ला, 'काठ' म्हणा. काठ वर दुमडायचा असेल तर 'दुमड'. लुगड्याचा काठ जिथे असतो तिथेच टोपीचाही असतो, शब्द परका वाटत नाही.

काठाबद्दल दोन गोष्टी नमुन्यात असायलाच हव्यात. एक, काठ बारीक सुईवर विणायचा : टोपी ४ मिमीवर असेल तर काठ सव्वातीनवर. दोन, टाके घालताना मात्र दोन सुया एकत्र धरून घालायचे आणि मग एक काढून घ्यायची. घट्ट घातलेला काठ कपाळावर वळ उठवतो, आणि ओढताना पहिला धागा तिथेच तुटतो.

आता सपाट विणणाऱ्यांसाठी. दोन सुलट दोन उलट असेल तर ११२ नव्हे, ११४ टाके घाला. सुरुवातही दोन सुलटने, शेवटही दोन सुलटने होते. शिवण घालताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, उरतात एकेक, आणि ते जुळून परत दोन सुलट होतात. ११२ वर सपाट काठ विणला तर शिवणीपाशी पट्टी मोडलेली दिसते. हाताने विणलेल्या टोप्यांत चांगलं काम ओळखायचं असेल तर मी आधी शिवणीपाशी काठ बघते.

शहादेकर
'क्राउन', म्हणजे टोपीचा वरचा मिटत जाणारा भाग, ती टाळू. "टाळू मिटवणे" असं आमच्याकडे म्हणतात. डिक्रीजला, म्हणजे टाके कमी करण्याला, "दोनाचा एक", वाढवायला "एकाचे दोन". हे शब्द मला सगळ्यांत आवडतात, कारण करायचं काय ते शब्दातच आहे.

जळगावकर
शहादेकर, टाळू मिटवण्याचा मजकूर तुमच्या शब्दांत पूर्ण लिहून द्याल का? नमुन्यात तोच भाग सर्वांत कच्चा असतो. "हळूहळू टाके कमी करत या" एवढंच लिहिलेलं असतं.

शहादेकर
लिहिते. वरचाच आकडा धरते : सपाट वीण, ११४ टाके, काठासकट १४ सेंमी झालेलं.

समोरची सुई : १ सुलट, (१२ सुलट, दोनाचा एक) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. उरले १०६. मागची सुई : सर्व उलट. पुढच्या समोरच्या सुईत कंसात १२ ऐवजी ११, मग १०, असं करत एकूण सात वेळा. आता ५८ टाके आहेत. इथून दर सुईला कमी करायचं, मागच्या सुईवरही दोन टाके एकत्र उलट विणून. असं पाच वेळा झालं की १८ टाके राहतात. शेवटची सुई पूर्ण दोनाचा एक, उरतात ९. धागा ३० सेंमी ठेवून कापा, मोठ्या सुईत ओवून नऊही टाक्यांतून दोनदा फिरवा, ओढा, आणि त्याच धाग्याने शिवण घाला. टाळू साधारण ७ सेंमीची होते, टोपी एकूण २१ सेंमी.

बिघडतं कुठे? पहिल्यापासूनच दर सुईला कमी केलं तर टाळू आखूड होते, टोपी डोक्यावर टेकते आणि कानावरून वर सरकते. शेवटपर्यंत एकाआड एकच कमी केलं तर टोक निघतं. आधी सावकाश, मग भरभर, हा क्रम गोल डोक्यासाठी आहे. आणि "दोनाचा एक" कायम समोरून विणला तर आठही रेघा एकाच बाजूला झुकतात. कोणाला ते आवडतं. नको असेल तर रेघेच्या एका बाजूला समोरून आणि दुसऱ्या बाजूला टाक्याच्या पाठीमागून दोनाचा एक करावा. नमुन्यात 'समोरून' की 'मागून' हे लिहिलंच पाहिजे.

लोकर ६० ते ८० ग्रॅम लागते, गोंडा करायचा असेल तर वेगळी.

भुसावळकर
क्रोशाच्या टोप्यांत शब्दांचा प्रश्न अधिक अवघड आहे. साखळी आणि खांब हे टाके सगळीकडे एकच. पण 'मुका खांब' काही घरांत आखूड खांबाला म्हणतात, काही घरांत फक्त जोडून घ्यायच्या टाक्याला. म्हणून नमुन्याच्या डोक्यावर एकदा कृती लिहून टाकावी : "मुका खांब : सुई टाक्यात घाला, धागा ओढा, सुईवर दोन वेढे, पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून काढा." इंग्रजीतही हेच दुखणं आहे. इंग्लंडचा 'ट्रेबल' तो अमेरिकेचा 'डबल', आणि आपला खांब तोच.

क्रोशात टाळू आधी होते, काठ शेवटी. १२ खांबांनी सुरू करून दर फेरीला १२ वाढवले तर चकती सपाट राहते. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. चकती कधी थांबवायची? टोपीच्या घेराला ३.१४ ने भागा. ५१ सेंमीची टोपी तर सव्वासोळा सेंमीची चकती. त्यापुढे न वाढवता सरळ फेऱ्या.

धुळेकर
टोपीच्या नावांकडे येऊ. लोक मागतात ती नावं ही : कानटोपी, माकडटोपी, टोपडं, कुंची. चारही वेगळ्या वस्तू आहेत आणि विकणाऱ्यांच्या फोटोखाली त्यांची सरमिसळ असते.

कुंची कापडाची शिवलेली, पाठीवर लोंबणारी. ती विणकामात धरू नये. टोपडं तान्ह्या बाळाचं, हनुवटीखाली बंद बांधायचं. कानटोपीला कान असतात, त्यालाही 'कान' हाच शब्द. ११२ टाक्यांत वाटणी अशी : दोन्ही कानांना २२-२२, पाठीमागे २२, कपाळावर ४६. कान अगदी मधोमध लावले तर ते गालावर येतात, म्हणून पाठीमागची जागा कमी ठेवायची.

माकडटोपी मानेपर्यंत येते, चेहरा फक्त उघडा. इंग्रजीत तिला 'बालाक्लावा' म्हणतात. ते क्रिमियातल्या गावाचं नाव, तिथे १८५४ मध्ये लढाई झाली होती. आपल्याकडे रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला हीच लागते, दुसरी चालत नाही. हिच्यात बिघडतो तो चेहऱ्याभोवतीचा काठ. कडेवरून टाके उचलताना प्रत्येक सुईचा एक उचलला तर काठ फुगतो आणि वारा आत जातो. चार सुयांमागे तीन टाके उचलायचे.

'बीनी'ला मी 'साधी गोल टोपी' म्हणतो. अमळनेरला 'डोकंटोपी' ऐकलं, पण ते रुळेल असं वाटत नाही.

अमळनेरकर
'गोल टोपी' बरी. मी 'डोकंटोपी' वापरत नाही.

साक्रीकर
'लोकर' शब्दावर मला आग्रहाने बोलायचं आहे. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ आहेत, त्यांच्या तोंडी लोकर म्हणजे मेंढीची कातरलेली लोकर आणि तिची घोंगडी. बाजारातल्या गुंडीला आपण लोकरच म्हणतो, ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. बोलताना चालेल, पण विकताना चिठ्ठीवर 'लोकरी टोपी' लिहिलं आणि आत अॅक्रिलिक असलं तर ते गिऱ्हाइकाला फसवणं आहे. 'अॅक्रिलिक धागा' असं स्वच्छ लिहा, अॅक्रिलिक काही वाईट नाही : धुवायला सोपं, कसर लागत नाही, लहान मुलांना टोचत नाही.

ओळखायचं असेल तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. धुण्याच्या सूचनाही यावरच ठरतात. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी होते. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की धाग्यातला ताण कायमचा जातो, काठ लोळतो, आणि मग काहीही करून तो परत येत नाही.

इथल्या मेंढीची लोकर भरड असते, घोंगडीला उत्तम. टोपीला वापरायची तर आतून सुती अस्तर द्या आणि चिठ्ठीवर तसं लिहा.

शहादेकर
तान्ह्या बाळाच्या टोपड्याला मी सुती धागाच सुचवते, आपली थंडी तेवढ्यापुरतीच. पण सुती धागा ताणला की मागे येत नाही. लोकरीच्या नमुन्यापेक्षा टाके कमी घ्या, काठाला आणखी एक बारीक सुई वापरा आणि बंद जरूर लावा.

जळगावकर
शेवटचा शब्द : ज्या बाया हे करून विकतात त्यांना काय म्हणावं? 'विणकर' लिहिलेलं पाहिलं.

धुळेकर
'विणकर' नको. धुळे-मालेगावाकडे विणकर म्हणजे मागावरचा माणूस, त्याचं कापड. 'हाताने विणलेलं' हेसुद्धा हातमागाचं समजतात. 'सुयांवर विणलेलं' किंवा 'क्रोशाचं' असं लिहा, यंत्रावरच्या स्वेटरपासूनही ते वेगळं पडतं.

भुसावळकर
आणि करणारीला 'विणणारी'. बोलण्यात 'इननारी' होतं, लिहिताना 'विणणारी'. चिठ्ठीवर चार ओळी पुरेत : धागा कोणता, टोपीचा न ताणलेला घेर सेंमीत, किती घेराच्या डोक्याला बसेल, आणि कसं धुवायचं. 'फ्री साइज' लिहू नका. ५१ सेंमीची टोपी ५४ ते ५८ च्या डोक्याला नीट बसते, ६१ च्या डोक्याला काठ ताणून पांढरा पडतो.