ॲग्री इंजिनिअरिंग आणि बायोसिस्टिम्स: नक्की फरक काय, आणि कोअर म्हणजे काय?

मागचा_बाक
बीटेक ॲग्री इंजिनिअरिंग, थर्ड इयर. एमएससाठी बाहेरच्या युनिव्हर्सिट्या बघतोय तर निम्म्या ठिकाणी आपल्या ब्रँचचं नाव बायोसिस्टिम्स इंजिनिअरिंग. ट्रॅक्टर, मृद-जलसंधारण, सिंचन, प्रोसेसिंग हे सगळं आपल्याकडे आहेच की, मग हे लोक कोअर, म्हणजे प्रत्येकाला यायलाच हवा असा पाया, कशाला म्हणतात? क्रेडिट मोजून सांगू नका, काय यायला पाहिजे ते सांगा.

पाटपाणी
नुसती पाटी बदललेली नाही. अमेरिकेत तर ॲग्री इंजिनिअर लोकांच्या सोसायटीनेच २००५ मध्ये नावात 'बायोलॉजिकल' घातलं. युरोपात प्रत्येक देशाचा कोर्स वेगळा, म्हणून आधी यूएसएईई आणि २००७ पासून इराबी अशी युनिव्हर्सिट्यांची नेटवर्कं काढली आणि कॉमन कोअरवर बरीच डोकेफोड केली. सगळा भर एकाच गोष्टीवर, की पदवी इंजिनिअरची म्हणून मान्य व्हायला पाहिजे, म्हणजे गणित, मेकॅनिक्स, थर्मो, फ्लुइड हे पातळ करायचं नाही आणि जीवशास्त्र त्याच्या जोडीला घ्यायचं. अमेरिकेत एबेटपण, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत गणित मागतंच, आणि बायोलॉजिकल नावाच्या कोर्सला वर केमिस्ट्री-बायोलॉजीचा पक्का पाया.

खडूफळा
शिकवतो त्यामुळे जरा लांबण लावतो. कांदाचाळ घे. शेड, लोड, वाऱ्याची दिशा हे सिव्हिलवालापण काढेल. पण कांदा जिवंत आहे, श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो, म्हणून खालून हवा खेळती लागते आणि थर पाचेक फुटांच्या वर नको, नाहीतर मधला माल तापून सडतो. त्यात गंमत अशी की कांदा २५-३० डिग्रीला टिकतो, शून्याच्या आसपासही टिकतो, पण १०-२० च्या मध्ये ठेवला की कोंब. म्हणजे अर्धवट थंड केलंस तर पैसे घालून नुकसान! हे ज्याला समीकरणात मांडता येतं त्याच्याकडे कोअर आहे. आपल्या सिलॅबसमध्ये हीट ट्रान्सफर आहे, कापणीपश्चात तंत्रज्ञानही आहे, फक्त दोन्हीची गाठ कुणी घालून देत नाही, दोन वेगळे पेपर, दोन वेगळे मास्तर.

ठिबकवाला
सर पटलं पण पोरं एमपीएससीच्या नादात असतात, आणि आमच्या वेळी हवेतली ओल मोजायचा सायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद असायचा 😄 कृषी पदव्यांचा सिलॅबस ठरवणाऱ्या सहाव्या डीन्स कमिटीचा नवा सिलॅबस आलाय, तरी कागदावर कोअर लिहून काय होतंय, परीक्षेत 'टिपा लिहा' आहे तोवर पोरं टिपाच पाठ करणार. डिझाइन करायला लावा आणि त्याचे मार्क द्या.

मागचा_बाक
मग प्रोजेक्टला चाळच घेऊ का? गावात काकांची आहे.

खडूफळा
घे की. थराच्या मध्ये, वर आणि बाहेर असे तीन सेन्सर लाव, दर आठवड्याला वजनातली घट मोज आणि आधी हिशोबाने किती यायला पाहिजे ते काढून ठेव. एमएसच्या अर्जासोबतच्या एसओपीमध्ये (स्टेटमेंट ऑफ पर्पज) तेच लिही.