टाचदुखीवर शेक घ्यावा का? (सोसायटीच्या ग्रुपवरील संभाषण, नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

क-२०४: सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंची (वय ६७) उजवी टाच गेले दोन महिने दुखत आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, दहा-पंधरा पावले चालल्यावर दुखणे कमी होते आणि दुपारी तासभर बसून उठल्या की पुन्हा तोच त्रास सुरू होतो. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले आहे. आता ऑपरेशनच करावे लागेल का? कोणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे.

अ-१०३: आमच्या आईला विटेच्या शेकाने आराम पडला होता. वीट चांगली तापवून तिच्यावर रुईचे पान ठेवावे आणि त्यावर टाच टेकवावी. आमच्याकडे रुईची पाने आहेत, हवी असल्यास संध्याकाळी आणून देते.

ब-६०२: काकू, आपली आपुलकी समजते, पण आजच्या दिवस वीट तापवू नये, अशी माझी विनंती आहे. कारण पुढे लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट असल्याने ही तक्रार रोज ऐकते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. तो रात्रभर आखडलेला राहतो आणि पहिल्या पावलाला अचानक ताणला जातो. या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात आणि क-२०४ यांनी केलेले वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते. वाढलेले हाड तर कधीही न दुखलेल्या टाचांच्या एक्स-रेमध्येही पुष्कळदा दिसते, त्यामुळे केवळ त्या फोटोवरून ऑपरेशनची भीती बाळगू नये. बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात, मात्र त्याला काही महिने, क्वचित वर्षभरही लागते, आणि लोक धीर सोडतात तो नेमका याच काळात. सकाळी पाय खाली टेकवण्यापूर्वी पलंगावर बसूनच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत आणि असे दहा वेळा करावे. घरातील फरशीवर अनवाणी चालणे बंद करून मऊ चप्पल वापरावी.

आता महत्त्वाचा प्रश्न. सासूबाईंना मधुमेह आहे का?

क-२०४: हो, बारा वर्षांपासून आहे आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, असेही त्या म्हणतात. ते वयामुळे असेल असे समजून मी तिकडे लक्ष दिले नाही, याचे आता वाईट वाटते.

अ-४०१: आमच्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला तरी त्यांना कळले नाही. दुसऱ्या दिवशी मोज्याला पाणी लागलेले दिसले तेव्हा फोड फुटलेला होता. ती जखम भरायला चार महिने लागले. कृपया शेक देऊ नका.

ब-६०२: क-२०४, वाईट वाटून घेऊ नका. घरोघरी हेच होते, कारण मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा झाल्यावर आधी आग आणि मुंग्या जाणवतात आणि नंतर संवेदनाच कमी होत जाते. मग खडा टोचला किंवा चप्पल चावली तरी माणूस तक्रार करत नाही आणि घरच्यांना वाटते की त्रास थांबला. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. सासूबाई शाकाहारी असतील, तर ती तपासणी विसरू नका.

आता घरीच एक चाचणी करा. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. इंग्लंडमधील इप्स्विच या गावावरून हिला इप्स्विच चाचणी म्हणतात. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे धरून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही माणसाचा एक पाय अचानक सुजला, गरम लागला, पण फारसा दुखत नसला, तर ते लक्षण अधिकच गंभीर समजावे आणि त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ब-१०१: विषय निघाला आहे म्हणून विचारतो. माझ्या २६ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि पहाटे कंबर तासभर आखडलेली असते. त्यानेही हाच व्यायाम करावा का?

ब-६०२: त्याला आधी संधिवाततज्ज्ञांकडे न्यावे. तरुण वयात दोन्ही टाचा आणि सकाळी आखडणारी कंबर हे एकत्र आले, तर मणक्याच्या संधिवाताची शंका घ्यावी लागते.

क-२०४: चाचणी केली. उजव्या पायाच्या तिन्ही बोटांना स्पर्श कळला नाही, डाव्या पायाच्या तिन्ही बोटांना कळला. त्या स्वतःच घाबरून गेल्या आहेत.

ब-६०२: त्यांना सांगा की हे वेळेत कळले आहे. दोन बोटांमधल्या बेचक्या आणि टाचेच्या भेगा आज रात्री उजेडात नीट पाहा आणि जखम दिसली तर मला लगेच फोन करा. उद्या डॉक्टरांकडे जाताना साखरेचे जुने रिपोर्ट आणि त्या रोज वापरतात ती चप्पल बरोबर घ्या. पायाचा आकार व दाब पाहून एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर या मऊ रबराची) चप्पल घ्यावी का, हे डॉक्टरांनाच विचारता येईल.

अ-१०३: मी वीट परत गच्चीवर ठेवली आहे. उद्या सकाळी नातवाला शाळेत सोडायचे काम मी करते, तुम्ही निर्धास्तपणे सासूबाईंना घेऊन जा.

अ-४०१: वडिलांची व्हीलचेअर आमच्याकडे आहे. साडेनऊला ती क विंगच्या लिफ्टपाशी आणून ठेवतो.